नव्या लॅपटॉपमधली तडतड आणि ताईंचे तयार कान

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एक ताई घरी शास्त्रीय गाणं शिकवतात, संध्याकाळी काही मुलं समोर बसून आणि चार-पाच जण झूमवरून, त्यातले दोघं परदेशात. जुना लॅपटॉप दहा वर्षं वापरून शेवटी बंद पडला म्हणून बारा दिवसांपूर्वी गावातल्याच दुकानातून ६२ हजारांचा नवीन घेतला, क्लासच्या फीमधून साठवलेल्या पैशांतून. पहिल्या दिवसापासून त्यातून आवाज येतायत. तानपुऱ्याची रेकॉर्डिंग लावली की आधी एक ‘टक्’, मग मधेच कधीतरी फोडणीत मोहरी तडतडावी तशी तडतड, आणि रात्री झाकण मिटून ठेवलेला असतानासुद्धा एक-दोनदा ‘कट्’. दुकानदार म्हणतो नवीन आहे, पंधरा दिवसात सेट होईल. भाचा म्हणतो फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू. मिस्टर म्हणतात तुझे कान जरा जास्तच तयार झालेत, आम्हाला तर काही ऐकू येत नाही. ताईंना विचारायचंय की परत करू, फॉरमॅट करू देऊ, का गप्प बसू. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, माझ्याच हातून काही चुकीचं दाबलं गेलं असेल का?

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. नाही, तुमच्या हातून काही झालेलं नाही. बारा दिवस नीट वापरलेल्या लॅपटॉपमध्ये चुकीचं बटण दाबून तडतड आणायची म्हटली तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागेल. आपल्याकडे नवी वस्तू बिघडलेली निघाली की आधी आपणच ओशाळतो, विशेषतः घरातल्या बाईने स्वतःच्या पैशाने घेतली असेल तर, हे मी बऱ्याच पत्रांमध्ये बघितलंय.

आता मिस्टरांचं. त्यांना ऐकू येत नाही हे खोटं नसेल, पण त्याचं कारण तुमचे कान नाहीत, ते काय ऐकतायत हे आहे. बातम्या, मालिका, युट्यूबवरची भाषणं यात एक तडतड आली तरी बोलण्यात विरघळून जाते, हा आवाज काही मिलिसेकंदांचा असतो. तानपुरा म्हणजे मात्र स्वच्छ सारवलेलं अंगण, एक काडी पडली तरी दिसते. सलग सूर चालू असताना त्यात पडलेलं बारीकसं भोक कुणालाही ऐकू येईल, आणि तुम्हाला तर येणारच. त्यांना एकदा हेडफोन लावून दहा मिनिटं नुसता तानपुरा ऐकायला बसवा, मग बघू काय म्हणतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र मला पटली नाही. तुम्ही तिन्ही आवाज एकाच खात्यात टाकलेत, ‘लॅपटॉप खराब निघाला’ या खात्यात. माझ्या मते हे तीन वेगळे आवाज आहेत, तीन वेगळ्या कारणांचे, आणि त्यातला बहुतेक एकच काळजीचा आहे. तिन्ही एकत्र सांगितले तर दुकानदार सगळ्यात साध्या आवाजाचं उत्तर देऊन तुम्हाला घरी पाठवणार.

रात्रीचा ‘कट्’ आधी निकालात काढू. पत्र्याचं घर दुपारी तापतं आणि ऊन उतरलं की कडकड वाजतं ना, तेच. लॅपटॉप आतून चांगलाच गरम होतो, बाहेर प्लास्टिक आणि धातू एकमेकांना स्क्रूने आणि खाचांनी धरून असतात, थंड होताना दोघं सारखे आकसत नाहीत, मग कुठेतरी एक खाच सरकते आणि कट् वाजतं. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असंही नाही, तो झोपतो फक्त, आणि हल्लीचे लॅपटॉप झोपेतही मधेमधे जागे होऊन आपली कामं करतात. तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असणार, तिचा टकटक आवाज म्हणजे धोक्याची घंटा असायची, ती भीती मनात बसलेली असते. नव्यात बहुतेक एसएसडी असेल, तिच्यात हलणारा एकही भाग नसतो, त्यामुळे ती टकटकूच शकत नाही. दोन गोष्टी फक्त बघा. पंखा फिरताना ठेक्यात टरटर येत असेल तर आतली एखादी वायर पात्याला लागतेय, ते दाखवायला हवं. आणि तळ किंवा टचपॅड फुगल्यासारखं वर आलेलं दिसलं तर चार्जिंग लगेच काढा आणि वापरूच नका, ती बॅटरी असू शकते. यातलं काही नसेल तर रात्री निवांत झोपा.

आता सुरुवातीचा ‘टक्’. लॅपटॉपमध्ये आवाजाची एक चिप असते, काही सेकंद काहीच वाजलं नाही की बॅटरी वाचवायला ती आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर झोपी जातात. तुम्ही तानपुरा लावता तेव्हा त्यांना धक्का देऊन उठवावं लागतं, तो धक्का स्पीकरमधून टक् म्हणून ऐकू येतो. खात्री करायचीय तर तानपुरा अगदी बारीक आवाजात चालूच ठेवा आणि त्यावर दुसरं काहीतरी लावा, टक् येणार नाही, कारण चिप जागीच आहे. हा दोष म्हणावा का? माझ्या मते बेफिकीर काम म्हणावं, पण यासाठी लॅपटॉप परत घेणार नाहीत आणि मीही परत करणार नाही. कंपनीचा साउंड ड्रायव्हर (विंडोजला ती चिप चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर कधी जातो, कधी नाही जात.

उरली तडतड, आणि खरा विषय तोच आहे.

आवाज लॅपटॉपमध्ये सलग वाहत नाही, तुकड्यांनी येतो, सेकंदाला साधारण ४८,००० ठिपके. विंडोज हे ठिपके बहुतेक वेळा १० मिलिसेकंदांच्या ताटात वाढून पुढे पाठवतं, म्हणजे एका ताटात ४८०. पंगतीतल्या जेवणाऱ्यासारखा स्पीकर ठरल्या वेगाने खात असतो, तो थांबत नाही. वाढपी वेळेवर आला तर काहीच कळत नाही. पण वाढप्याला स्वयंपाकघरात कुणी अडवून ठेवलं, ‘अहो जरा हे पातेलं धरा’ म्हणून, तर इकडे ताट रिकामं होतं आणि त्या रिकाम्या क्षणाचा आवाज म्हणजे तुमची तडतड. नव्या, वेगवान, महागड्या लॅपटॉपवरही हे होतं, कारण प्रश्न वेगाचा नसून अडवणाऱ्याचा आहे. अडवणारा बहुतेक वेळा वाय-फायचा ड्रायव्हर असतो, नाहीतर ग्राफिक्सचा, नाहीतर बॅटरी आणि वीज सांभाळणारी बायोसमधली (विंडोजच्याही आधी जागा होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) व्यवस्था. म्हणजे आवाज स्पीकरमधून येतोय म्हणून स्पीकरच फाटलाय असं नाही. माझी स्वतःची फजिती सांगतो, एका लॅपटॉपचे स्पीकर मी पैसे देऊन बदलून घेतले होते, तडतड जशीच्या तशी, शेवटी वाय-फायचा ड्रायव्हर बदलला आणि दहा मिनिटात शांत.

तेव्हा शोधायचं कसं ते बघा, आणि यात तुम्ही भाच्यापेक्षा सरस आहात. तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, ऐकतो, मग पुन्हा केसभर. चारही तारांचे दोरे एकदम ओढून बघत नाही. इथेही एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा-पंधरा मिनिटं ऐकायचं, वहीत लिहायचं. सगळ्यांच्या आधी लॅपटॉप एकदा ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नाही, कारण शट डाउन केलं तरी विंडोज बऱ्याचदा आपलं अर्धं डोकं साठवून ठेवतं आणि पुन्हा तेच वर काढतं, रीस्टार्टमध्येच ते खरं कोरं होतं. मग तानपुऱ्याची वीस मिनिटांची एक रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्येच उतरवून घ्या, इंटरनेटवरून वाजवू नका, नाहीतर नेटचा दोष आणि लॅपटॉपचा दोष यांची खिचडी होईल.

पहिली चाचणी वायरवाल्या हेडफोनची. हेडफोनमध्येही तडतड आली तर स्पीकर निर्दोष. यूएसबीवर चालणारा हेडफोन कुणाकडून मिळाला तर फारच छान, कारण त्याची स्वतःची साउंड चिप असते, त्यातही तडतड असेल तर लॅपटॉपच्या साउंड चिपवरचा संशय बराच कमी होतो आणि वाढप्याला अडवणारा दुसराच कुणीतरी आहे हे जवळजवळ पक्कं.

हेडफोन स्वच्छ आणि फक्त स्पीकर तडतडत असेल तर हार्मोनियमची रेकॉर्डिंग घ्या, एकेक सूर लांब धरलेला, खालून वर. आवाज आधी बारीक ठेवा, मग वाढवा. ठराविक सुरावरच, मोठ्या आवाजातच भुर्र किंवा झर्र येत असेल तर काहीतरी हलतंय, स्पीकरचा पडदा किंवा सैल पट्टी, तिथे बोटाने हलकं दाबून बघा बदलतं का. मंद्रातले खालचे सूर पोकळ वाटले तर घाबरू नका, एवढ्याशा स्पीकरला ते झेपतच नाहीत, वरच्या स्वरांशावरून आपला कान त्यांची कल्पना करून घेतो. आणि हो, टेबल मोकळं करा. माझ्या एका मित्राने दोन दिवस लॅपटॉप उलटापालटा केला आणि झर्र करत होती शेजारची स्टीलची वाटी, नेमकी पंचमाला.

दुसरी चाचणी एअरप्लेन मोडची. वाय-फाय, ब्लूटूथ सगळं बंद, तीच रेकॉर्डिंग, वीस मिनिटं. तडतड गायब झाली तर चोर सापडलाच म्हणायचा, आता वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवीन घालायचा, भलत्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ प्रोग्रॅममधून नाही, ते स्वतःच एक दुखणं असतात. तिसरी चाचणी चार्जर लावून आणि काढून. फक्त बॅटरीवरच तडतड येत असेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवून बघा. उलट, बाहेरचा स्पीकर जोडल्यावर आणि चार्जर लावल्यावरच घूंऽऽ अशी सलग गुणगुण येत असेल तर ते अर्थिंगचं प्रकरण आहे, लॅपटॉपचं नाही, जुन्या घरांमध्ये तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला दाखवा, पण चार्जरची तिसरी पिन मोडण्याचा उद्योग कृपा करून कुणाला करू देऊ नका.

मग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तिथे स्पीकरवर क्लिक केलं की खाली ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ दिसेल, ते ऑफ. शिवाय लॅपटॉपसोबत कंपनी एखादं ‘सिनेमासारखा आवाज’ देणारं अ‍ॅप टाकून देते, तेही बंद. ही अ‍ॅप्स प्रत्येक आवाजाला मेकअप करून पाठवतात, त्यात वेळ जातो, आणि गाण्याच्या माणसाला तो मेकअप नकोच असतो. तिथेच ‘फॉरमॅट’ नावाचा पर्याय आहे (भाच्याच्या फॉरमॅटशी याचा संबंध नाही, यात काही पुसलं जात नाही), त्यात २४ बिट ४८,००० हर्ट्झ निवडून बघा.

भाच्याला काम द्यायचंच असेल तर फॉरमॅटऐवजी हे द्या. ‘लॅटन्सीमॉन’ नावाचा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट मिळतो, तो सुरू करून वीस मिनिटं तानपुरा चालू ठेवायचा, वाढप्याला कोण किती वेळ अडवतंय ते तो नावानिशी सांगतो. एनडीआयएस नाव वर आलं तर नेटवर्क, एनव्हीएलडीडीएमकेएम आलं (ही नावं ठेवणाऱ्यांना कुणी बारशाला बोलावू नये) तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स, एसीपीआय आलं तर बायोस-बॅटरीकडे बघायचं. बायोस अपडेट करायचा झालाच तर फक्त कंपनीच्या साइटवरचा, चार्जर लावून, आणि लाइट जायची वेळ टाळून, तो अर्धवट राहिला तर लॅपटॉप पुन्हा सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. अजून एक, पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकून इन्स्टॉल न करता ‘ट्राय’मध्ये चालवता येतं. तिथेही तडतड आली तर बहुतेक हार्डवेअर किंवा बायोस, नाही आली तर बहुतेक विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर. फॉरमॅट मारून जे कळलं असतं ते काहीही न पुसता कळतं.

फॉरमॅटला माझा विरोध का, तर एक म्हणजे त्याने बायोसचा किंवा सुट्या भागाचा दोष जात नाही, दुसरं म्हणजे कंपनीने घातलेले ड्रायव्हर उडून त्याजागी साधारण ड्रायव्हर येऊ शकतात, आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, उद्या दुकानदार म्हणेल तुम्हीच छेडछाड केली. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या कोठारात) जाऊन अमुक आकडा बदला सांगणारे व्हिडिओ असतात, तेही आत्ता नको.

झूमचं वेगळं बोलू, कारण तुमची अर्धी तडतड तिथली असू शकते. पुढच्या क्लासला विद्यार्थ्यांना विचारा, तुम्हाला तडतड ऐकू येते का? त्यांना येते आणि तुम्हाला नाही तर तुमचा माइक, तुमचं नेट किंवा त्यांच्या बाजूचं काहीतरी. तुम्हालाच येते आणि तीही फक्त मुलं गाताना, तर बहुतेक नेट. दोन्ही बाजूला नेट ठीक असूनही तानपुरा तुटत असेल तर कारण असं की झूम सलग चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून पुसायला बघतं. तानपुऱ्याला घरघर समजणारं सॉफ्टवेअर, काय बोलायचं! सेटिंग्जमध्ये ऑडिओत ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे ते सुरू करा, आणि क्लास चालू असताना स्क्रीनवरही ते चालू दिसतंय ना बघा. त्यातलं इको कॅन्सलेशन बंद केलंत तर हेडफोन लावायलाच लागेल, नाहीतर मुलांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. ब्लूटूथचे इअरबड क्लासला वापरू नका, माइक सुरू झाला की त्यांचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.

आता परत करायचं का. ताई, लॅपटॉप दुरुस्त करणं हे तुमचं काम नाही, तो विकणाऱ्याचं आहे. तुमचं काम एवढंच की तडतड होते हे दाखवता आलं पाहिजे. वरच्या चाचण्यांना दोन संध्याकाळी द्या, त्यापेक्षा जास्त नाही, कारण पहिल्या दिवसांमध्ये तुमच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं सहा महिन्यांनी नसणार. ‘पंधरा दिवसात सेट होईल’ याला मी म्हणूनच भुलणार नाही. तडतड आपोआप सेट होत नसते, सेट होतो तो फक्त आपण, सवय होऊन, आणि तोपर्यंत बदलून देण्याची मुदत निघून जाते. बऱ्याच कंपन्यांची अशी काही दिवसांची मुदत असते, तुमच्या कंपनीची किती ते आजच फोन करून विचारा.

खोलीतला पंखा बंद करून, फोनवर व्हिडिओ घ्या, लॅपटॉप आणि हेडफोन काढलेला दिसेल असा, एकदा वाय-फाय चालू असताना, एकदा बंद. मग तक्रार दुकानात तोंडी न करता कंपनीच्या हेल्पलाइनवर करा आणि तक्रार क्रमांक घ्या, दुकानदाराला तोच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणजे तारीख राहते. भाषा साधी ठेवा: “अमुक तारखेला घेतला, पहिल्या दिवसापासून तडतड, हेडफोनमध्येही येते, ड्रायव्हर अपडेट केला, फरक नाही, बदलून द्यावा.” टक् आणि कट्‌चा त्यात उल्लेखच करू नका. इंजिनियर घरी येऊन मदरबोर्ड बदलू म्हणाला तर बारा दिवसांच्या लॅपटॉपला ते मान्य करायचं का, हा निर्णय तुमचा, मी आधी बदलूनच मागितला असता.

टाळाटाळ झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, आणि बरीच प्रकरणं त्यानंतरच्या एका फोनवर हलतात. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. कुणी म्हणालं की तुम्ही क्लास घेता, हा धंद्याचा लॅपटॉप आहे, ग्राहक म्हणून तुम्हाला हक्क नाही, तर ऐकून घेऊ नका, स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्याची धरत नाही. पण इतकं लांब जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

आणि चाचणीत निघालंच की नुसता वाय-फायचा ड्रायव्हर होता आणि अपडेट करून आवाज गेला, तर खुशाल ठेवा तो लॅपटॉप, आठवडाभर रोज क्लासला वापरून बघा आणि वही जपून ठेवा. पुन्हा तडतडला तर तीच वही घेऊन दुकानात जा. मिस्टरांनाही सोबत न्या, तोपर्यंत त्यांनाही ऐकू यायला लागलं असेल.